डाव्या हाताच्या वाती

"काकू, चेहरा अंधारात ठेवू, आवाजही बदलू. तुम्हाला कुणी म्हणजे कुणी ओळखणार नाही," असं माहितीपट करणाऱ्या मुलीने वचन दिलं, तेव्हा कुठे यमुताईंनी तोंड उघडलं होतं. आणीबाणीत त्यांच्या नवऱ्याला पोलिसांनी उचललं, ते रोज घरी चहाला येणाऱ्या माणसाने चुगली केली म्हणून. इतकी वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. कारण तो माणूस आता गावातल्या शाळेचा अध्यक्ष होता आणि त्याच शाळेत यमुताईंचा मुलगा मास्तर होता.

आज गावच्या सभागृहात माहितीपट लागला आणि अध्यक्ष नेमके त्यांच्या मागच्याच खुर्चीवर येऊन बसले. पडद्यावर काळी आकृती घोगऱ्या आवाजात बोलू लागली. यमुताईंना स्वतःलाच तो आवाज परका वाटला. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात कॅमेरा खाली मांडीवर उतरला. बोलताना जीव घाबरा होऊ नये म्हणून त्या शूटिंगला कापूस घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचे हात भराभर वाती वळत होते, डाव्या हाताने, उलट्या पिळाच्या. असल्या वाती देवाला चालत नाहीत म्हणून सासूबाईंनी जन्मभर बोल लावले होते, तेही चहाला बसलेल्या त्या माणसादेखत.

यमुताईंनी दोन्ही हात पदराखाली लपवले. मागची खुर्ची करकरली आणि अगदी कानाशी म्हातारा, गोड आवाज आला.

"वहिनी, खोड काही गेली नाही तुमची. उद्या सकाळी येतो चहाला."