काचेतली पँट

मालाडच्या मॉलमधल्या त्या दुकानावरून लवू पेडणेकर दोनदा पुढे गेला. तिसऱ्यांदा मात्र आत शिरलाच.

काचेच्या पेटीत रंगाऱ्याची एक पँट टांगली होती. डागाडागांची, गुडघ्याला ठिगळ लावलेली. खाली पाटी होती : 'असली मालाड. रंगाऱ्याने कामावर वापरलेली. नाव रविवारी जाहीर.' 'नाका' नावाची ही तरुणांच्या स्ट्रीटवेअर कपड्यांची कंपनी या पँटीसारख्या दोनशे पँटी काढणार होती.

नाव कुणाचं, ते लवूला ठाऊक होतं. शेजारच्या दशरथने कालच चाळीत मोबाइल नाचवला होता. फोटोत ही पेटी आणि शेजारी दात काढून उभा दशरथ. तेव्हापासून लवूच्या पोटात दुखत होतं. तीस वर्षं झुल्यावर लटकून इमारती रंगवल्या लवूने. आणि काचेत कोण, तर दहा वर्षं नुसती मुकादमी करणारा दशरथ! एकदा तरी कुणी आपलं नाव घ्यावं, एवढंच लवूला हवं होतं.

"ही डुप्लिकेट आहे," तो दुकानाच्या मालकिणीला, जान्हवीला म्हणाला.

"असं कसं? दशरथकाकांनी स्वतः आणून दिलीय."

"मी पण रंगारीच. ब्रश ज्या हातात, त्याच बाजूच्या मांडीला आम्ही तो पुसतो." लवूने डाव्या हाताच्या बोटाने काचेवर टकटक केलं. "बघा, पुसल्याचे सगळे डाग डाव्या मांडीवर. दशरथ उजवा आहे. विचारा त्याला."

जान्हवीने तिथेच फोन लावला.

"काका, तुम्ही ब्रश कुठल्या हातात धरता?"

"उजव्या. का गं?"

तिने फोन ठेवून दिला. चेहरा उतरला होता.

"आम्ही 'असली' या एका शब्दावर धंदा करतो, काका. उद्या कुणी हेच नेटवर टाकलं, तर वाट लागेल आमची."

पँट उतरली आणि थेट कचऱ्याच्या पिशवीत गेली. लवूला गुदगुल्या झाल्या.

"खरी हवी असेल, तर माझ्याकडे आहेत. माळ्यावर पडल्यात."

"नको. आता रंगाऱ्याची पँटच नको."

हे लवूला जरा लागलं. पण आपली नाही तर नाही, त्या मेल्याची पण नाही, या समाधानात तो घरी आला. येताना पावशेर जिलबीही घेतली.

"आज काय विशेष?" शेवंतीने विचारलं.

"काही नाही. असंच."

"कळलं वाटतं तुम्हाला!" ती हसायला लागली. "दशरथभावोजी म्हणाले होते, रविवारपर्यंत बोलू नका, दुकानातही नाव सांगितलेलं नाही, लवूला तिथे नेऊन चकित करायचंय. पण माझ्या पोटात काही राहत नाही बाई. तुमची ती जुनी पँट माळ्यावरून मीच काढून दिली त्यांना."