डोळसांसाठी राखीव

छापखान्यात डोळसांसाठी एकच जागा राखीव होती. वर्तमानपत्रातली मुद्रितशोधकाची नोकरी जाऊन विश्राम खोतला दोन वर्षं झाली होती, म्हणून या जागेसाठी त्याने सहा महिने ब्रेलची शिकवणी लावली होती. विभागप्रमुख इंदुमती गोडांबे जन्मांध होत्या. त्यांनी खोकल्याच्या औषधाचं ठिपक्यांत छापलेलं माहितीपत्रक त्याच्यापुढे सरकवलं.

"यात एक चूक आहे. शोधा."

विश्रामने कागदावर तीनदा नजर फिरवली. "ताई, सगळं बरोबर आहे."

"बघून वाचलंत ना? कागदावर बोट फिरल्याचा आवाज आला नाही." त्या हसल्या. "तुम्हा सगळ्या डोळसांच्या डोळ्यांत बसवलेली भिंगं समोरची चूक दुरुस्त करूनच दाखवतात. म्हणून तर देशभरची प्रुफं आता आमच्याकडे येतात. दिवा घालवा आणि वाचा."

"बटण कुठे आहे?"

इंदुताई विचारात पडल्या. "तीस वर्षांत कुणी विचारलं नाही हो."

शेवटी विश्रामने डोळे घट्ट मिटले. घामेजलेलं बोट ओळीवरून सरकू लागलं आणि तिसऱ्या ओळीवर अडलं. त्याने ती ओळ पुन्हा चाचपली.

"ताई, रोज झोपताना दोनशे चमचे घ्यायचे?"

"त्यानं खोकला जाईल खरा, पण रोग्याला घेऊनच. उद्यापासून या."

विश्रामने आनंदाने डोळे उघडून कागदाकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीतल्या ठिपक्यांत स्वच्छ 'दोन चमचे' दिसत होतं. त्याने मुकाट्याने डोळे मिटले आणि चौथी ओळ वाचायला घेतली.