एक्क्याऐंशीवा चौकोन

केसरबाई उंबऱ्यातच उभी राहिली आणि मुठीतला तुकडा पुढे करून म्हणाली, "हाऊ मना हिलालना. लाव."

भागाबाईची सुई कापडातच राहिली. मांडीवर बाळाचं दुपटं पसरलेलं होतं. चार-चार बोटांचे चौकोन, एका ओळीत नऊ, अशा नऊ ओळी. शेवटच्या कोपऱ्यातला तेवढा एक बाकी. मागे खाटेवर तिची लेक बेबा कुशीवर झोपली होती. दिवस भरत आले होते. आधीची दोन्ही लेकरं महिनाभरसुद्धा टिकली नव्हती, म्हणून या खेपेला जुनी रीत धरली होती. ज्या घरची लेकरं जगली-वाचली, त्या घरातून लेकराच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा मागून आणायचा आणि त्या तुकड्यांचं दुपटं शिवायचं. एका घरचा एकच तुकडा. इतक्या जित्या लेकरांची ऊब पांघरली की यमसुद्धा बिचकतो म्हणे.

भागाबाई दारोदार फिरली होती. जिच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं त्या इंदिराबाईकडेही मान खाली घालून गेली. टाळलं ते फक्त केसरबाईचं दार, आणि ते तर भिंतीला भिंत लागून.

केसरबाईचा लेक हिलाल सुरतेला लूमवर कामाला होता. प्लेगच्या वर्षी दोंडाईच्याच्या स्टेशनावर गाड्या भरभरून माणसं उतरली. गल्लीतली तिन्ही पोरं घरी आली, हिलाल तेवढा आला नाही. त्याला आता दीड वर्ष होत आलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पाठीमागे गल्ली काय बोलते ते सगळ्यांना ठाऊक होतं. केसरबाईसमोर मात्र सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली होती.

"अक्का, बठ्ठा चौकोन व्हई ग्यात," भागाबाई म्हणाली.

"मंग हाई काय शे?" केसरबाईने रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तठे झुलालभाऊना घरना येनार शे."

"भागा, मना पोऱ्या जित्ता शे का नही? तू सांग."

भागाबाईने बेबाच्या पोटाकडे पाहिलं. तिला भीती वाटली, खरीखुरी. आणि त्या भीतीची लाजही वाटली.

"जित्ताच शे वं अक्का. दे आठे."

निळ्या चौकड्याच्या सदऱ्याचा तुकडा, उन्हाने विटलेला. केसरबाईने तो बरोबर चार बोटांचा कापून आणला होता, एकही कड वाकडी नाही. वाकडी असणार कशी? गल्लीतल्या निम्म्या बायकांना गोधडी शिवायला तिनेच शिकवलं होतं, भागाबाईलासुद्धा.

भागाबाईने कडा आत दुमडल्या आणि टाके घालायला घेतले. केसरबाई भिंतीला टेकून बसली. दीड वर्षात तिचा चेहरा असा सैल झालेला कोणी पाहिला नव्हता. बोलायलाही लागली. हिलाल लहानपणी सदऱ्याच्या बाह्या चोखायचा, मोठा झाला तरी बाहीने तोंड पुसायची खोड गेली नाही, म्हणून मुद्दाम पाठीकडचं कापड आणलं. भागाबाई हं हं करत होती. तिचं मनातून वेगळंच ठरलं होतं. ही घरी गेली की उसवायचा आणि झुलालच्या घरचा बसवायचा. कोणाला कळणार आहे?

"दखू दे," केसरबाई म्हणाली.

दुपटं मांडीवर घेऊन तिने आपल्या चौकोनावरून अंगठा फिरवला. उलटं करून मागूनही फिरवला. मग शेजारच्या चौकोनावरून, मग पुन्हा आपल्या. शेजारचा टाका तांदळाएवढा, गच्च. हा बोटाच्या पेराएवढा लांब, सैल, आणि शेवटी गाठच नाही. पुढे उसवायचं असलं की घालतात तो कच्चा टाका.

आता ही ओरडेल, सात पिढ्या काढेल, असं भागाबाईला वाटलं. शिव्या परवडल्या असत्या.

बेबा जागी होऊ नये अशा आवाजात केसरबाई म्हणाली, "भागा, तुले कोनी सांगं?"

"काय?"

"हिलालनं. खबर उनी ना? कोनी सांगं तुले?"

"नही वं अक्का! कोनीच काही नही सांगं. तुनी आन. बेबानी आन." भागाबाईने तिचा हात धरला. "माले नुसतं भ्याव वाटनं."

केसरबाईने समजल्यासारखी मान हलवली. भागाबाईचा हात तिने स्वतः घडवला होता. पक्कं काही कळल्याशिवाय हा हात गाठ मारायची सोडणार नाही, अशी तिची खात्री होती, आणि तिला कोणी वेगळं काही सांगून उपयोग नव्हता.

तिने दोऱ्याचं टोक धरून ओढलं. चौकोन सुटून हातात आला. तो चोळीत खोचून, भिंतीला धरून ती उठली आणि गेली.

जरा वेळाने भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज फुटला. आधी एकटीचा, मग एकेक करत गल्लीतल्या बायकांचा. बेबा दचकून उठून बसली. लगबगीने निघालेली इंदिराबाई दाराशी थांबली, डोळ्याला पदर लावून आत डोकावली.

"चाल ना वं भागा. कधी उनी खबर? कोन लई उनं?"

भागाबाईने दुपटं बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि तिच्यामागे निघाली.