कातडीची साक्ष

वकील तांबोळीबाईंनी वृंदाच्या हातावर पातळ बाही चढवली. "आईंच्या कातडीला जे आठवतंय तेच तुम्हाला जाणवेल. कोर्ट आता ही साक्ष मानतं. सोसवलं नाही तर सांगा."

पक्षाघाताने वृंदाच्या आईची, इंदुमतीबाईंची, वाचा गेली होती. त्यांच्या अंगावरचे वळ खाटेवरून पडल्यामुळे आले, असं त्या राहत होत्या त्या वृद्धाश्रमाचं म्हणणं होतं.

बाही तापली आणि वृंदाचं मनगट कुणीतरी करकचून पिरगाळलं. मग चिमटे बसले. तिने दात आवळून सोसलं. शेवटी एक खरखरीत, थरथरता हात आला आणि दुखऱ्या जागेवरून हळूहळू फिरत राहिला.

"हा कुणाचा?"

"त्या स्पर्शाचे ठसे शेजारच्या खाटेवरच्या गोदाक्कांचे निघाले. त्यांना मागेपुढे कुणी नाही."

आश्रमाने भरपाई देऊ केली होती. ती घेऊन आईला घरी आणलं की प्रकरण मिटणार होतं. वृंदाने बाही उतरवून ठेवली.

"तडजोड नको. आश्रमाच्या लोकांवर फौजदारी तक्रार करू. आणि गोदाक्कांनाही तिथून बाहेर काढायचंय."

"त्यांची तयारी असेल, तर त्यांच्या संरक्षणाचा अर्ज तुम्हालाही करता येतो. त्यांच्याशी नातं काय लिहू?"

वृंदाने मनगट चोळलं. "लिहा, त्यांनी माझ्या आईला सांभाळलं."