अस्तर

पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सर्जननी शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या पोटावरची पट्टी काढली. मावशींनी चष्मा लावला आणि मान वाकवून बेंबीजवळचा टाका निरखला.

"हातात सफाई आहे हो तुमच्या. पण आत अस्तर धरलंत ना? नुसती वरून शिवण मारली, तर कपडा फुगतो."

सर्जन हसले. "मावशी, बेंबीजवळच्या या मोठ्या भोकाला आतल्या पडद्यात वेगळा टाका असतो. नाहीतर साध्या खोकल्यानंसुद्धा तिथून आतडं बाहेर यायचं."

"मग घातलात ना?"

"घातला की."

व्हरांड्यात येताच त्यांनी असिस्टंटला हळूच विचारलं, "बेंबीचा आतला टाका तू घातलास ना? मी 'बंद कर' म्हणून निघालो होतो."

ती जागीच थबकली. "सर, मला वाटलं, आतला तुम्ही घालून गेलात. मी फक्त कातडी शिवली."

आत मावशींना खोकल्याची उबळ आली.