तीन दांड्यांचा जोड

वाटणीत जुना ट्रॅक्टर मला आला आणि अवजारं धाकट्या भावाला. घोडा एकाचा, लगाम दुसऱ्याचा. तेव्हापासूनच्या अबोल्याला अकरा वर्षं झाली, पण त्याचा नांगर माझ्या ट्रॅक्टरला जोडायला दोघे लागायचेच. दर हंगामात तो मागे उभा राहून "ये, ये, बस!" म्हणायचा आणि पिन ठोकायचा. वर्षाचं बोलणं एवढंच, मला पुरायचं. काही नवराबायको याहून कमी बोलतात. यंदा बायको वैतागली, "भाऊजींपुढची लाचारी पुरे!" वेल्डरने जुना जोड कापून नवा तीन दांड्यांचा बसवला आणि म्हणाला, "काका, आता कुठलंही अवजार एकट्याने जोडा." नांगरटीच्या दिवशी धाकटा नेहमीप्रमाणे आला. त्याने जोड हलवून पाहिला. "काम छान झालंय, दादा. आता माझी गरज नाही." अकरा वर्षांतलं सर्वांत लांब भाषण. मी ट्रॅक्टरवरून उतरेपर्यंत तो बांध ओलांडून गेला होता.