वामनरावांची झील

कीर्तन काही एकट्या बुवांच्या गळ्यावर उभं राहत नाही. बुवांनी ओळ सोडायची आणि मागच्याने ती अलगद झेलायची, यालाच झील धरणं म्हणतात. देवळीच्या राममंदिरात ही सेवा वामनरावांची, आणि आज सांजेला कीर्तन होतं.

दुपारी त्यांचा मुलगा निकेश कॉम्प्युटरपुढे बसला होता. लहानपणी टीव्हीवर खेळलेल्या व्हिडिओ गेमची सुरावट त्याने तेव्हा टेप केलेल्या जुन्या कॅसेटमधून उतरवून घेतली होती. तिची खरखर पुसून तिच्यावर तबला, बासरी चढवायची, असा त्याचा बेत.

थोडी खरखर पुसली, तशी सुरावटीच्या शेवटी कोणीतरी झील धरली.

"बाबा, तुमी गायले का?"

"मी कायले गाऊ? गळा राखून राह्यलो," ओसरीवरून वामनराव म्हणाले. आवाज जरा बसका वाटला. "तुह्या त्या टूंटूंले आता झीलकरी पाह्यजे का?"

निकेश हसला. त्याने आणखी खरखर पुसली. झील मोकळी झाली, गोड, अगदी घरातली. बाहेर वामनराव खाकरले, मग खाकरतच राहिले.

निकेशने पुसलेली सगळी खरखर घाईघाईने परत आणली. ती आली, पण झील तिच्यावरून तशीच स्वच्छ वाजत राहिली.

त्याने सुरावट बंद केली आणि मागे पाहिलं. वामनराव गळ्याला हात लावून दारात उभे होते. त्यांचे नुसते ओठ हलले.

"निकेश," पाठीमागून स्पीकरमधून आवाज आला, "सांजेले झील कोण धरन रे?"